गिरिजाबाईंच्या गावाला

लग्न होऊन सोनपेठला आले तेव्हा माहेरच्या मैत्रिणी पत्ता विचारायच्या आणि मग गप्प बसायच्या. परभणी माहीत, परळीचा वैद्यनाथ माहीत, जनाबाईंचं गंगाखेड माहीत. या सगळ्यांच्या मधे एक सोनपेठ आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. रेल्वे गावात येत नाही. परभणी-परळी लाइनवर वडगावला उतरा, नाहीतर सरळ गंगाखेडला, आणि मग एस.टी. किंवा जीप. नावात सोनंही आहे आणि पेठही आहे. सोनं म्हणाल तर सराफाच्या दुकानात. पेठ मात्र खरी. बाजाराच्या दिवशी वाण नदीच्या पुलापासून बैलगाड्या, टमटम, मोटारसायकली आणि डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया यांची जी रीघ लागते ती संध्याकाळपर्यंत. काळी जमीन, पावसाळ्यात चपलेला दोन किलो चिखल, उन्हाळ्यात पाय घालाल तर आत जाईल अशा भेगा. कापूस, सोयाबीन, तूर, आणि पाणी असेल तिथं ऊस.

तालुक्याच्या उत्तरेच्या शिवेवरून गोदावरी वाहते. आमच्याकडे तिला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. तिच्या काठच्या गावांच्या नावाआधी ‘थडी’ लागतं. थडी म्हणजे काठ. आमच्या सासरचं मूळ गाव अशाच काठावरचं. शेत तिथं, राहणं सोनपेठच्या वाड्यात. वाडा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे नक्षीचे खांब येतील. तसं काही नाही. ढेलज आहे, चौक आहे, आणि चौकाच्या मधोमध सिमेंटच्या विटांची एक भिंत आहे. तिला गिलावासुद्धा केलेला नाही. या भिंतीमुळेच मी आणि माझ्या सासूबाई गेल्या मार्गशीर्षात पैठणला गेलो.

भिंतीची गोष्ट थोडक्यात सांगते. अशा गोष्टी घरोघरी असतात, तुम्हाला फार सांगावं लागणार नाही. भिंतीपलीकडे चुलत दीर राहतात. मामंजी शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळलेले असताना या भाऊजींनी एका कागदावर त्यांचा अंगठा घेतला. मामंजी गेल्यावर वर्षभराने कळलं की विहिरीसकट दोन एकर त्यांच्या नावावर झालंय. मग दावा, वकील, तारखा. चार वर्षं. चार वर्षांत मी आणि माझी जाऊ, एकाच चौकात धुणं वाळत घालणाऱ्या दोघी, एका शब्दाने बोललो नाही. मुलांना पलीकडे जायची बंदी. चेंडू पलीकडे गेला की तो गेला.

ती विहीर बहात्तरच्या दुष्काळानंतरची. ती खणायला आत्याबाईंच्या (आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात) गळ्यातली पुतळ्यांची माळ मोडली होती. तेव्हा त्या नव्या नवरीच होत्या. या गोष्टीचा उल्लेख दाव्याच्या कागदांत कुठेही नाही.

तर दसऱ्यानंतर गावातली तंटामुक्ती समिती मधे पडली. तुमच्यापैकी ज्या खेड्यांशी संबंध ठेवून आहेत त्यांना ही समिती माहीत असेल. १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली; आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. गावातले तंटे गावातच मिटवायचे, पोलीस-कोर्टाची पायरी चढायची नाही, आणि जे गाव तंटामुक्त ठरेल त्याला लोकसंख्येप्रमाणे बक्षीस. पुढं मोहिमेचा जोर ओसरला, पण समित्या अजून गावोगाव आहेत आणि तिचा अध्यक्ष निवडताना कधीकधी नवा तंटाही होतो! असो. कल्पना चांगली आहे, हे मी मनापासून म्हणते. कोर्टात नातवंडांपर्यंत चालले असते असे बांधाचे, पाटाचे, वाटेचे कितीतरी वाद पारावर एका संध्याकाळी मिटलेले आहेत.

आमच्याही बाबतीत समितीनं तोडगा काढला. भाऊजींनी एक एकर परत करायचं, विहिरीत निम्मा हिस्सा, आम्ही दावा मागं घ्यायचा, झालं-गेलं गंगेला मिळालं म्हणायचं. आमचे हे तयार झाले. तारखांना कंटाळले होते. नारळ, शाल, फोटो, सगळं ठरलं. घरी येऊन ह्यांनी सांगितलं तेव्हा आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. म्हणाल्या, "मला कुनी इचारलं?"

विचारलं नव्हतं हे खरंच होतं. आणि गंमत अशी की दाव्यात वादी म्हणून पहिलं नाव त्यांचंच होतं. सही त्यांची लागणार होती, संमती मात्र गृहीत धरलेली होती.

"आई, माफ करून टाक ना. तू तर पोथ्या वाचतेस," हे म्हणाले.

"वाचते म्हणूनच पैठनला जाऊन येते आधी. मंग सांगते," आत्याबाई म्हणाल्या.

माझंही एक गुपित इथं सांगायला हवं. मी एका शाळेत तासांवर मराठी शिकवते. आठवीच्या वर्गात एका मुलानं एका मुलीच्या वहीची पानं फाडली होती. मी नेहमीप्रमाणे त्याला उभं केलं, "सॉरी म्हण" म्हटलं, तो म्हणाला. मग तिला म्हटलं, "आता तू म्हण, माफ केलं." ती म्हणाली. प्रकरण मिटलं, मी फळ्याकडे वळले. आठ दिवसांनी त्याच मुलीची कंपासपेटी खिडकीबाहेर. मी तिला विचारलं, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "बाई, सांगितलं की पुन्हा माफ करावं लागतं." हे वाक्य माझ्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं, आणि आत्याबाईंचं "मला कुनी इचारलं" ऐकलं तेव्हा ते पुन्हा टोचलं.

पैठणला जायचं म्हणजे आम्हाला माजलगावला गाडी बदलायची, गेवराईला पुन्हा बदलायची. सकाळी अंधारात निघालो. २०२३ सालापासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट आहे, त्यामुळे गाडीत निम्म्याहून जास्त बायाच. कुणी माहेरी, कुणी दवाखान्यात, कुणी नुसतीच देवाला. घरात ज्यांचा पाय ठरत नाही असं पुरुष म्हणतात, त्यांचा पाय पूर्वी पैशांअभावी ठरत होता इतकंच. बरोबर दशम्या घेतल्या होत्या. (कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवली की दोन दिवस मऊ राहतात, सोबत शेंगदाण्याची चटणी तेल न घालता, म्हणजे पिशवीला डाग पडत नाही.) सकाळच्या खाण्याला धपाटे.

वाटेत दोन्ही बाजूंना उसाचे फड आणि तोडणीवाल्यांच्या पालांच्या रांगा. आत्याबाईंना खिडकीपाशी बसवलं की त्या बोलू लागतात. एका गावाचा फाटा आला तशी त्यांनी आपल्या सासूची आठवण काढली. रझाकारांचे दिवस, १९४८ साल. मराठवाड्यानं त्या दिवसांत काय सोसलं ते आपण दरवर्षी १७ सप्टेंबरला भाषणांत ऐकतो. पण निजामाचं राज्य गेल्यावर सूड घ्यायला निघालेल्यांनी ज्यांचा काही दोष नव्हता अशांचीही घरं जाळली, माणसं मारली, हे भाषणात नसतं. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं त्याच वर्षाच्या अखेरीस गावोगाव फिरून ते लिहून ठेवलं. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर नव्हता. त्यातच असंही लिहिलंय की अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवलं. माझ्या आजेसासूनं पिंजाऱ्याच्या दोन मुलींना तीन दिवस ज्वारीच्या कणगीमागे ठेवलं होतं. "तिच्या भावाला रझाकारांनी मारलं होतं," आत्याबाई म्हणाल्या, "तरी ठिवलं."

"म्हणजे माफ केलं?" मी विचारलं.

"कुनाला माफ? त्या पोरींनी काय केलं व्हतं? ज्यानं मारलं त्याला मरेस्तोवर शिव्या द्यायची ती."

मी बी.ए.ला तत्त्वज्ञानाचा एक पेपर दिला होता. सूड आणि क्षमा यांच्यामधे एवढी मोठी जागा मोकळी आहे हे त्यात कुठं वाचल्याचं आठवत नाही.

गेवराईच्या स्टँडवर एक म्हातारी आमच्या बाकावर येऊन बसली. नऊवारी, हातात वायरची पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा फडक्यात बांधलेला. कुठं निघालात, कुठलं गाव, असं सुरू झालं. आत्याबाई म्हणाल्या, "नाथाला." ती म्हणाली, "म्या बी पैठनलाच. माझं लेकरू हाय तिथं. जेलात."

आम्ही दोघी गप्प. ती मात्र सहज बोलत होती. बऱ्याच वर्षांत ज्याचं ओझं पेलायची सवय होते त्याबद्दल माणूस असंच बोलतं. बांधावरून भांडण. चुलतभाऊ नांगर घालून दरसाल एक एक तास बांध कोरत होता. एका सकाळी शब्दाला शब्द लागला आणि तिच्या मुलाच्या हातात कुऱ्हाड होती. जन्मठेप. आधी बरीच वर्षं मोठ्या भिंतीच्या जेलमधे, मग वागणूक चांगली म्हणून पैठणच्या खुल्या कारागृहात.

खुलं कारागृह म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला हवं, कारण मलाही तोपर्यंत नीट ठाऊक नव्हतं. पैठणचं हे कारागृह जायकवाडी धरणाच्या काळातलं. उंच तट नाही, प्रत्येक दाराशी बंदूक नाही. शिक्षेची काही वर्षं बंद कारागृहात नीट काढलेल्या कैद्यांना निवडून इथं आणतात. शेतात काम करायचं, मजुरी मिळते, संध्याकाळी मोजदाद होते. पळायचं ठरवलं तर पळता येईल. पळत नाहीत बहुतेक, कारण पळालं की पुन्हा भिंत. आणि केलेल्या कामाचे दिवस शिक्षेतून वजा होतात. या वजाबाकीला तुरुंगाच्या भाषेत ‘माफी’ म्हणतात.

म्हातारीनं तो शब्द उच्चारला आणि स्वतःच हसली. "सरकारनं माफी दिली माय त्याला, लई दिली. पर ती दिवसाची. मानसाची न्हाई."

या खुल्या तुरुंगांची आपल्या महाराष्ट्रातली पहिली गोष्ट मात्र सरकारी नव्हती, एका संस्थानाची होती. सूर्यनमस्कारांसाठी प्रसिद्ध असलेले औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली प्रजेला स्वराज्याची घटना दिली. त्याच सुमारास मॉरिस फ्रीडमन नावाच्या, गांधीजींच्या विचारांनी भारलेल्या पोलिश इंजिनिअरनं राजाकडून कैदी मागून घेतले, आणि आटपाडीजवळच्या माळावर बेड्यांशिवाय त्यांची वसाहत उभी राहिली. नाव ठेवलं स्वतंत्रपूर. माळ फोडायचा, विहीर खणायची, पिकवायचं आणि राहायचं. ग. दि. माडगूळकर त्याच भागातले. त्यांनी ही गोष्ट चित्रपटासाठी लिहिली आणि शांतारामबापूंनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. लहानपणी टी.व्ही.वर पाहून आपण सगळ्या रडलेल्या आहोत. स्वतंत्रपूरची ती वसाहत आजही आहे. कैदी तिथं बायकामुलांसह राहतात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नवऱ्यानं गुन्हा केला की शिक्षा बायको बाहेर राहून भोगते, याचा विचार करणारा तुरुंग निदान एक तरी आहे.

हे सगळं मी म्हातारीला उत्साहानं सांगू लागले. तिनं ऐकून घेतलं. मग आत्याबाईंनी तो प्रश्न विचारला जो मला सुचलाच नव्हता. "आन् ज्याचा मानूस गेला, त्याची बाईल?"

"हाय की. समूरच राहती."

"बोलती?"

"न्हाई. कामून बोलावं तिनं?" म्हातारी म्हणाली. "म्या एकडाव गेल्ते तिच्या दाराला. पदर पसरला. तिनं कवाड लावून घेतलं. बरूबर केलं तिनं. मंग म्या पुन्यांदा गेले न्हाई. पर बोअरवर पान्याला जाते ना, आधी माझी घागर लई येळ तशीच ठिवायचे लोक. एक दिस तीच म्हनली, ‘त्या म्हातारीला आधी भरू द्या.’ माझ्याकडं बघितलं न्हाई. दुसरीकडं बघत म्हनली. तवापासून भरू देतात."

पैठण येईपर्यंत मग कुणी फारसं बोललं नाही. गोदावरी ओलांडताना आत्याबाईंनी पिशवीतून रुपयाचं नाणं काढून खिडकीतून टाकलं, म्हातारीनंही टाकलं. स्टँडवर ती आपल्या वाटेला गेली. आत्याबाईंनी तिच्या डब्यावर दोन दशम्या बळेच ठेवल्या.

पैठण पाहायला म्हणाल तर दोन दिवस पुरत नाहीत. सातवाहनांची राजधानी, जुनं प्रतिष्ठान. पैठणी विणणारे माग पाहायला तर जरूर जा. घ्यायची नसली तरी काठावरचा मोर सुईच्या टोकाएवढ्या धाग्यांनी कसा उभा राहतो ते बघून या. धरण पाहा. १९७६ साली ते पूर्ण झाल्यावर इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालं, आणि गंगा वर अडली ती अडलीच. आमच्या थडीच्या गावांना आता तिचं पात्र सोडलेल्या पाण्यावर भरतं. पण आम्ही दोन नाथमंदिरांसाठी आलो होतो. एक गावातलं, म्हणजे नाथांचा राहता वाडा, आणि एक नदीकाठचं, समाधीचं. नाथषष्ठीला फाल्गुनात इथं मुंगीला वाट मिळत नाही. मार्गशीर्षात मात्र निवांत होतं.

वाड्यात तो रांजण आहे. श्रीखंड्या म्हणून चाकरी करायला राहिलेल्या देवानं बारा वर्षं कावडीनं पाणी आणून भरला तो. आत्याबाईंनी हात जोडले आणि माझ्या कानात म्हणाल्या, "बारा वर्सं भरला, पर वापरत कोन व्हतं? गिरजाबाई."

गिरिजाबाई म्हणजे नाथांची पत्नी. मला आत्याबाईंचा रोख कळेना. चौकातल्या पायरीवर टेकून त्या सांगू लागल्या. नाथांच्या क्षमेच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो. नदीवरून स्नान करून येताना एक जण अंगावर थुंकतो, नाथ पुन्हा स्नान करतात, पुन्हा थुंकतो, असं एकशे आठ वेळा. शेवटी तोच पाय धरतो. ही गोष्ट सगळ्यांना पाठ. दुसरी गोष्ट एका गरजू ब्राह्मणाची. त्याला कुणीतरी सांगितलं, नाथाला रागावून दाखव, दोनशे रुपये देतो. तो पूजेच्या वेळी येऊन नाथांच्या मांडीवर बसला. नाथ रागावले नाहीत. मग जेवायला बसल्यावर गिरिजाबाई तूप वाढायला वाकल्या, तर हा त्यांच्या पाठीवर चढला. नाथ म्हणाले, सांभाळ, पडेल तो. गिरिजाबाई म्हणाल्या, हरीला पाठीवर घेऊन काम करायची सवय आहे मला, पडू देणार नाही. हरी म्हणजे त्यांचा मुलगा.

"आता सांग," आत्याबाई म्हणाल्या, "पाठ कुनाची? अन् नाव कुनाचं झालं?"

मी काय बोलणार! चोरांची गोष्टही तशीच. रात्री वाड्यात चोर शिरले, नाथांनी बोटातली अंगठी काढून दिली आणि म्हणाले, उपाशी जाऊ नका. मग मध्यरात्री चूल कोणी पेटवली? कीर्तनकार ते वाक्य एका दमात संपवतात.

तरी आत्याबाई नाथांवर रागावल्या नव्हत्या, हे नीट समजून घ्या. गिरिजाबाईंवर तर मुळीच नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की गिरिजाबाई स्वतः बोलल्या. हसून बोलल्या, आपल्या शब्दांत बोलल्या. नाथांनी "ती माफ करते" असं परस्पर सांगितलं नव्हतं. आणि थुंकणाऱ्यानं नाथांना समितीपुढं बोलावलं नव्हतं. गोष्ट संपते तेव्हा दोनशे रुपयांचा ब्राह्मण आणि थुंकणारा दोघंही आपण काय केलं ते तोंडानं कबूल करतात. "आमच्या इथं आधी शाल आनली, कबूल कुनी काय केलं?"

मला एकदम दूरदेशीची एक गोष्ट आठवली. दक्षिण आफ्रिकेत काळ्या-गोऱ्यांचा भेद करणारं राज्य संपलं तेव्हा सूडाचा वणवा पेटू नये म्हणून त्यांनी सत्य आणि समेट आयोग नेमला. आर्चबिशप डेस्मंड टुटू अध्यक्ष. १९९६ पासून गावोगाव सुनावण्या झाल्या. माफी मिळत होती, पण तिला एक अट होती: जे केलं ते सगळ्यांसमोर, पूर्ण आणि खरं सांगायचं. माफीसाठी हजारो अर्ज आले, बहुतेक नाकारले गेले. आणि ज्यांची माणसं गेली होती त्यांनी क्षमा करावी अशी सक्ती नव्हती. कित्येक आयांनी केली, कित्येकींनी तोंडावर नाही म्हटलं. कायद्याची माफी वेगळी आणि आईची वेगळी. गेवराईच्या स्टँडवरच्या म्हातारीनं दिवसाची आणि माणसाची म्हणून जो फरक केला होता तो हाच.

मी हे आत्याबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मंग एवढ्या लांबच्यांना कळतं तर आपल्या सरपंचाला कामून कळंना?"

त्या रात्री धर्मशाळेत झोप येईना. माझ्या डोळ्यांपुढं आमच्या ओळखीतली एक मुलगी येत होती. नाव-गाव सांगत नाही. नवरा मारायचा. माहेरी आली तशी तिकडच्या समितीनं दोन्ही घरं बसवून ‘मिटवलं’. तिला सांगितलं, संसार म्हणजे क्षमा. ती गेली आणि दोन महिन्यांनी हाताला प्लॅस्टर घालून परत आली. मैत्रिणींनो, हे माहीत असू द्या: नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी केलेल्या क्रूर छळाचा गुन्हा, ज्याला आपण चारशे अठ्ठ्याण्णव-अ म्हणत होतो आणि १ जुलै २०२४ पासून जो भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मधे आहे, तो पारावर बसून मिटवण्यासारखा गुन्हा नाही. तक्रार नोंदल्यावर ती रद्द करायची तर दोघांची संमती असली तरी उच्च न्यायालयात जावं लागतं. असं ठेवण्यामागं कारण आहे. मार खाल्लेल्या बाईवर "माफ कर" म्हणून चार घरं कशी तुटून पडतात ते कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक असावं. गाव तंटामुक्त झालं, बोर्ड लागला, आणि तंटा एका बाईच्या हाडात गेला, याला मी तरी क्षमा म्हणणार नाही.

पण मग क्षमा नकोच का? असंही मला म्हणवत नव्हतं. त्या म्हातारीचा मुलगा कुऱ्हाड उचलण्याआधी बांध कोरला जात होता तेव्हा कुणीतरी मधे पडायला हवं होतं. तेव्हा पार होता, समिती असेल-नसेल, माणसं तर होती. आमची भिंतही चार वर्षं जुनी झालीय. मुलं मोठी होतायत. चेंडू आणायला न जाणारी मुलं उद्या कशासाठी पलीकडे जातील हे सांगता येतं का? मी उठून बसले तर आत्याबाईही जाग्याच होत्या.

पहाटे नदीकाठच्या समाधीवर गेलो. आत्याबाईंनी बराच वेळ डोळे मिटले होते. उठताना म्हणाल्या, "जमिनीचं त्यांनी ठरवलं ते ठरवलं. एक एकर तर एक एकर. पर त्यानं गावात उभं ऱ्हाऊन म्हनावं, म्या आजारी मानसाचा अंगठा घेतला. बास. शाल नगं, फोटू नगं."

घरी आलो तर या अटीनं खळबळ उडाली. आमचे हे वैतागले. एवढं तेवढं झालेलं मोडायला निघालीस, म्हणाले. समितीचे अध्यक्ष स्वतः वाड्यावर आले. त्यांना चहा दिला. "काकू, त्याची इज्जत जाईल," ते म्हणाले. आत्याबाई म्हणाल्या, "माझ्या मालकाचा अंगठा गेला तवा कुनाची गेल्ती?" संक्रांत तशीच गेली, पलीकडून वाण आलं नाही, इकडून गेलं नाही. मला वाटलं, आता हे काही होत नाही. थोडं खरं सांगू? मलाही त्यांचा हट्ट जास्त वाटू लागला होता. एका वाक्यासाठी चार वर्षांची आणखी आठ होणार, असं मी ह्यांच्याजवळ बोललेही.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेला भाऊजी उभे राहिले. मी गेले होते. बायकांच्या बाजूला आत्याबाई पहिल्या रांगेत. भाऊजींनी वर पाहिलं नाही. जे बोलले ते माझ्या अपेक्षेपेक्षा फार हळू होतं. मागच्यांना ऐकू गेलं नाही, तशी मागून कुणीतरी ओरडलं, "मोठ्यानं." ते पुन्हा बोलले. अंगठा हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. मग खाली बसले आणि उपरण्यानं तोंड पुसलं. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही, उलट त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या थोरल्या मुलाकडे बघवेना. आत्याबाईंनी मात्र सही केली. माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत. कुणी म्हणायला लावलंही नाही.

शाळेत आता मी "माफ केलं म्हण" हे सोडून दिलंय. पानं फाडणाऱ्यानं नवी वही आणायची आणि फाटलेला धडा स्वतःच्या अक्षरात उतरवून द्यायचा. ती मुलगी त्याच्याशी बोलते की नाही हे मी विचारत नाही. परवा दोघं एकाच बाकावर पेन्सिलीला टोक करत होते, पण मुलांचं काही खरं नसतं.

चौकातली भिंत आहे तिथंच आहे. ती पाडायला गवंडी लावायचा तर खर्च कुणी करायचा यावर एकमत नाही. मागल्या आठवड्यात सकाळी कडी वाजली. दारात जाऊ उभी, हातात स्टीलची वाटी. आमच्याकडे विरजण संपलंय म्हणाली, माझ्याकडे न बघता. मी आत आत्याबाईंकडे पाहिलं. त्या देवासमोर वाती वळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "दे. अन् म्हनावं, वाटी मोकळी परत आनू नको."